पहिली पसंती

शुक्रवार, ६ जून १९९७. सकाळ

आज आयर्लंडमध्ये मतदान. ही गोष्ट माहीत असलेला बहरीनमधला मराठी माणूस बहुधा मी एकटाच. म्हणून रोजनिशी आजपासून. संग्रह करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवायला हव्यात.

सुरुवात गेल्या वर्षीची. टिअर्नी साहेब आमच्या कंपनीत क्वालिटी मॅनेजर होऊन आले तेव्हा त्यांच्या घरी सामान लावायला मी गेलो होतो. बोलावलं नव्हतं. आपण होऊन गेलो. सिनियर डॉक्युमेंट कंट्रोलरची पोस्ट तेव्हा रिकामी होती. मॅडमचा चहाचा सेट जुन्या कागदांत गुंडाळून आला होता. कप बाहेर, कागद कचऱ्यात. एक कागद उलगडून पाहिला. शेतात उभा असलेला टकला माणूस, शेजारी शिकारी कुत्रा, खाली ‘व्होट नंबर वन’. सगळे कागद तसेच. निवडणुकीची पत्रकं. काही तर माझ्या जन्माआधीची. मॅडम म्हणाल्या, घेऊन जा, माझ्या सासूबाईंच्या माळ्यावर पोती भरून आहेत. घरी आणून इस्त्री केली. माझी बायको अंजना बघत होती. तिने विचारलं, शर्ट कधी करणार.

आज संग्रहात पत्रकं, बिल्ले, रिबिनीचं एक फूल आणि उमेदवाराचं नाव छापलेला कंगवा. दोन सुटकेस भरल्या. उरलेलं मुलीच्या, अक्षताच्या कपाटात. तिचे कपडे थोडे सरकवले.

सगळ्यात आवडतं एक छोटं कार्ड. उमेदवार दारात आला आणि घरी कुणी नसलं तर फटीतून आत टाकायचं. ‘आपण भेटला नाहीत, क्षमस्व.’ उमेदवार मतदाराची माफी मागतो. आमच्या गावाकडच्या वस्तीत उमेदवार आला तर जीपमधून खाली उतरायचा नाही.

संकल्प: वर्षअखेर हा संग्रह आखातात पहिल्या नंबरचा करायचा. आजही असावा. दुसरा कुठला ऐकण्यात नाही.

रविवार, ८ जून

अंजनाला आयरिश पद्धत समजावली. तिथे मतपत्रिकेवर नावापुढे आकडे लिहितात. पहिली पसंती एक, दुसरी दोन, तिसरी तीन. पहिला पडला तर तुमचं मत दुसऱ्याकडे जातं. मत वाया जात नाही. किती माणुसकीची पद्धत.

ती भेंडी चिरत होती. म्हणाली, एसीचा आवाज बघा जरा.

अक्षता सहावीत आहे. इंग्लिश मीडियम. ती म्हणाली, “बाबा, बट वुई आर नॉट आयरिश.” मी म्हटलं, ज्ञानाला व्हिसा लागत नाही. ती कानाला वॉकमन लावून बसली. मुलं ऐकत नाहीत असं वाटतं, पण आत कुठेतरी जात असतं.

शुक्रवार, ११ जुलै

टिअर्नी साहेबांच्या आईने पार्सल पाठवलं. माळा रिकामा करायला घेतलाय म्हणे. साहेबांच्या घरून उचललं, घराजवळच्या नईमच्या स्टॉपवर उतरून चालत निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप.

गेली दोन-तीन वर्षं इकडे सरकारविरुद्ध हवा गरम आहे. भिंतीवर काहीतरी लिहिलेलं दिसतं, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा रंग असतो. हातात कागदांचा गठ्ठा दिसला की माणसं रस्ता बदलतात. त्यांचं त्यांना. माझे कागद आयरिश.

पोलीस उर्दू बोलणारा होता. त्याने पार्सल जीपच्या बॉनेटवर उघडलं. वर ‘व्होट’. त्याने विचारलं, कुठलं इलेक्शन. म्हटलं, आयर्लंडचं. तू आयर्लंडचा? नाही, इंडियाचा. मग तुझा काय संबंध? मी पसंतीक्रमाची पद्धत सांगायला घेतली. त्याने माझं ओळखपत्र, सीपीआर कार्ड, घेतलं आणि फुटपाथच्या कडेला बसायला सांगितलं. ऊन बरंच होतं. मग त्यांचा साहेब आला, एकेक पत्रक पाहिलं. मधेच उस्मान खाली आला. उस्मान आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, ऑफिसात लीव्ह-व्हिसाचं टेबल त्याच्याकडे. रत्नागिरीकडचा. तो अरबीत काहीतरी बोलला. साहेब म्हणाले, खलास, यल्ला. म्हणजे संपलं, निघा.

जिन्यात उस्मान म्हणाला, “किसन, इथं लोक कागदापायी आत गेलेत. तू कुत्र्याच्या फोटोपायी जाशील. बायकापोरीचा विचार कर, बाबा.”

अंजना खिडकीत उभी होती. जेवली नाही. मी तिला सांगितलं की पोलिसांच्या साहेबांनी प्रत्येक पत्रक नीट पाहिलं. एवढ्या बारकाईने संग्रह आजवर कुणी पाहिला नव्हता.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

टेलिफोन बूथवरून विनयला फोन. विनय माझा धाकटा भाऊ. जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावी स्टँडवर त्याचं सायकलचं दुकान. बातमी मोठी: तो ग्रामपंचायतीला उभा राहतोय. तेही खुल्या जागेवर. बौद्ध वस्तीतून खुल्या जागेला आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. समोर अंकुशराव, ज्यांच्या घरातून पंचायत कधी बाहेरच गेली नाही.

कारण पाणी. गावात टाकी झाली. पाइप सगळ्या आळ्यांतून फिरला आणि वस्तीच्या अलीकडे थांबला. पुढे उतार नाही, असं सांगितलं. आई अजूनही ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणते. पायऱ्या शेवाळलेल्या.

विनयने एकच गोष्ट मागितली. “दादा, निवडणुकीच्या टायमाला तू ये. काही करू नको. नुसता माझ्या बाजूला उभा राहा. तू आलास की लोकांना धीर येतो.”

मी म्हटलं, उभं काय राहायचं, सगळा प्रचार मीच चालवतो. माझ्याइतका निवडणुकांचा अभ्यास तालुक्यात कुणाचा आहे? तो गप्प झाला. भारावला असावा.

शनिवार, ६ सप्टेंबर

पत्रक तयार. लंच टाइममध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केलं. आयरिश धाटणी. पानभर विनयचा फोटो, हसरा. वर ठळक अक्षरात ‘पहिली पसंती विनय’. त्याखाली पत्रकाच्या मधोमध भला मोठा आकडा: १. चिन्ह अजून मिळायचं आहे, त्यासाठी कोपऱ्यात छोटा चौकोन ठेवला. आयर्लंडमध्ये चिन्हाला कुणी विचारत नाही. माणसाचा चेहरा बघतात.

जालन्याच्या प्रेसला फॅक्स केलं. संध्याकाळी विनय म्हणाला, “दादा, आपल्याकडं आकडा नसतो. चिन्ह बघून शिक्का मारतेत.” मी म्हटलं, आकडा मनावर ठसतो. एक म्हणजे पहिला. पहिला म्हणजे तू. तो म्हणाला, तू म्हणतोस तर ठीक.

अंजनाचं म्हणणं वेगळं. “आईंना वाचता येत नाही. त्यांना चित्र कळतं. चित्रच तुम्ही टिकलीएवढं केलंत.”

मी म्हटलं, विनयचा चेहरा आईला ओळखू येत नाही का? ती म्हणाली, मतपत्रिकेवर चेहरा नसतो.

तिचा मुद्दा लक्षात ठेवला आहे.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

लीव्ह मंजूर. २५ ऑक्टोबरपासून. ९ नोव्हेंबरला मतदान, म्हणजे पंधरा दिवस प्रचाराला. अंजनाने गावी न्यायच्या वस्तू काढून ठेवायला घेतल्या. आईसाठी मऊ चप्पल.

आणि आजच टिअर्नी साहेबांनी बोलावलं. ३० ऑक्टोबरला त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचं मतदान. त्या संध्याकाळी त्यांच्या मंडळींची क्लबात पार्टी आहे. म्हणाले, तुझे ते कागद भिंतीवर लाव ना, थोडा क्रॅक होईल, आणि हसले. क्रॅक हा आयरिश शब्द आहे. संशोधनासारखा काहीतरी अर्थ असावा.

प्रदर्शन. माझ्या संग्रहाचं. ज्यांची निवडणूक त्यांच्यासमोर.

तोड सोपी आहे. लीव्ह १ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलायची. प्रचाराला आठवडा मिळतो. आठवडा भरपूर. उस्मान म्हणाला, नोव्हेंबरात प्लँटच्या दुरुस्तीसाठी शटडाऊनचं बोलणं चाललंय, मिळालेली लीव्ह सोडू नको. तो स्वभावाने घाबरट आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर

शटडाऊनचा मेमो आला. नोव्हेंबरभर कुणालाही नवी लीव्ह नाही. खाली टिअर्नी साहेबांची सही. त्यांना भेटून माझ्यापुरता अपवाद मागता आला असता. पण प्रदर्शनाच्या तोंडावर असं मागणं बरं दिसत नाही.

अंजना म्हणाली, २५ तारखेची लीव्ह अजून कॅन्सल झालेली नाही. उस्मानभाईंनी तुमचा तारीख बदलण्याचा कागद दाबून ठेवलाय. जा तुम्ही. मी म्हटलं, प्रदर्शन. ती म्हणाली, भाऊ सख्खा आहे तुमचा. मी म्हटलं, पत्रक पोचलंय, यंत्रणा लागली आहे, माणूस असण्याची गरज नसते. मग तिने सुटकेस खाली घेतली, पत्रकं पलंगावर उपडी केली आणि त्यात माझे शर्ट भरले. मी शर्ट काढून पत्रकं परत भरली. रंगाप्रमाणे लावलेली होती, ते सगळं बिघडलं.

अक्षता टीव्हीसमोर जेवली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर. दुपार

क्लबला निघालो होतो. खालून उस्मानच्या बायकोने, ताहेराभाभींनी हाक मारली. त्यांच्याकडे विनयचा फोन. घाईत होता. माघारीची मुदत संपली, नावं पक्की झाली. त्याला चिन्ह छत्री. मतपत्रिकेवर पहिलं नाव अंकुशरावांचं. विनय तिसरा.

तो म्हणाला, “दादा, आपल्या कागदावर एक आहे. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया एक एक घोकत बसल्यात. मी कागद वाटणं थांबवू का? छत्रीचे नवे छापतो. दोन दिवसांत होतील.”

मी म्हटलं, ऐन वेळी प्रचाराची दिशा बदलली की पक्ष बुडतात. आयर्लंडमध्ये अशी उदाहरणं आहेत. (आत्ता नावं आठवत नाहीत.) एकचा अर्थ पहिली पसंती, लोकांना कळतं. तो म्हणाला, दादा, तू इथं असतास तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी तिथेच आहे असं समज. टॅक्सी खाली हॉर्न वाजवत होती.

ताहेराभाभी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, भाईसाहेब, गरीब, चांगला आहे हो तुमचा भाऊ.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

प्रदर्शन पार पडलं.

बारच्या शेजारची भिंत मिळाली. जागा मोक्याची, सगळ्यांना तिथूनच जावं लागत होतं. कालक्रमाने लावली होती. प्रत्येकाखाली चिठ्ठी टाइप केलेली. सुरुवातीला गर्दी झाली. एका गृहस्थाला एका पत्रकावर त्याचा शाळेतला मास्तर सापडला. सगळे खूप हसले. त्याने ते पत्रक काढून खिशात घातलं. मी म्हटलं, सर, दॅट इज कलेक्शन. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं.

मी नवा कोट घातला होता. एका बाईंनी ग्लास पुढे करून बर्फ मागितला. आणून दिला. मग दुसऱ्यांनीही मागितला. त्यांच्याकडे माणसं कमी होती. यजमानाला सगळं बघावं लागतं.

भाषण केलं नाही. तसं ठरलंही नव्हतं, पण खिशात होतं.

काही पत्रकांवर ग्लासांचे गोल उमटले. डार्ट खेळण्यासाठी त्यांनी तीन-चार चेहरे फळीवर लावले, त्यांना भोकं पडली. मॅडम टिअर्नी येऊन सॉरी म्हणाल्या. मी म्हटलं, उलट बरंच झालं, संग्रह कुलपात ठेवण्यासाठी नसतो. त्या थोडा वेळ माझा हात धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घरी जा, किसन, थकलेला दिसतोस.

घरी अंजना जागी होती. कसं झालं विचारलं नाही. भिजलेली पत्रकं तिने दोरीवर चिमट्यांनी लावली. का कुणास ठाऊक, त्याचंच वाईट वाटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

विनय पडला.

थोडक्यात पडला. वस्तीतल्या बायांची मतं जेवढी चुकली, तेवढंच अंतर. ताहेराभाभींच्या फोनवर विनयची बायको ज्योत्स्ना बोलली. तो स्वतः आला नाही. म्हाताऱ्या माणसांनी एकावर, म्हणजे पहिल्या नावावर शिक्का मारला. त्यांना वाटलं, एक म्हणजे आपला विनय. बाहेर येऊन एकमेकींना सांगत होत्या, एकावरच मारला गं. अंकुशरावांची माणसं शाळेबाहेर उभी होती, ती हसत होती.

आयर्लंडमध्ये अशा वेळी फेरमोजणी मागतात. तहसीलदारांना अर्ज इंग्लिशमध्ये टाइप करून ठेवला आहे. पण फेरमोजणीत शिक्के तेच निघणार, असं उस्मान म्हणतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

टेलिफोन बूथवरून पुन्हा प्रयत्न. दुकानाशेजारच्या टपरीवर विनयला बोलावून घेतलं. तो आला.

मी पराभवाची मीमांसा केली. चेहरा पोचला, संदेश पोचला, फक्त मतदारांचं प्रशिक्षण कमी पडलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, दादा, आईनं पण एकावरच मारला.

मी म्हटलं, आईला छत्री माहीत नव्हती का?

तो म्हणाला, “माहीत होती. मी सांगितलं होतं. ती म्हणली, किसननं तिकडून एक लिहून पाठवलंय, तो शिकलेला आहे, त्याला जास्त कळतं.”

मागे पंक्चर काढायच्या डबड्याचा आवाज येत होता. त्याने विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना. म्हटलं, बरी आहे. फोनचं कार्ड संपलं.

संकल्प: पुढच्या वेळी चिन्ह मोठं घ्यायचं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

शटडाऊन. ओव्हरटाइम. मआमीरच्या कारखान्यांकडून वारं सुटलं की ऑफिसभर वास. पत्रकांना हात लावला नाही. धूळ नको बसायला म्हणून सुटकेसवर चादर टाकली.

वस्तीत बोललं जातंय की गल्फवाल्या भावाने मुद्दाम घात केला. अंकुशरावांकडून काहीतरी खाल्लं. अंजनाला ज्योत्स्नाने सांगितलं. मी हसलो. इतका मूर्ख आरोप खोडायला कुठून सुरुवात करणार?

विनयचं दुकान ग्रामपंचायतीच्या जागेवर होतं. नोटीस आली म्हणे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आई विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. खुब्याचं हाड. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून टेंपोने जालन्याला. ऑपरेशन झालं, घरी आणलंय. आता उठता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

शटडाऊन संपलाय. जाता येईल. पण महिन्याअखेरीस ऑडिट, टिअर्नी साहेब जानेवारीत कॉन्ट्रॅक्ट संपवून परत जातायत, त्यांची सगळी फाइलिंग माझ्याकडे. त्यांच्या निरोपाला मी हवा. अंजनाला म्हटलं, तू आणि अक्षता पुढे व्हा, शाळेला सुट्टी आहेच, मी मागून येतो.

अंजना म्हणाली, बरं. भांडली नाही. ती भांडली नाही याचा अर्थ तिला पटलं.

आईच्या चपला तिने कपाटातच ठेवल्या. अक्षताने सुटकेस मागितली. दोन्ही भरलेल्या होत्या. ताहेराभाभींनी त्यांची दिली.

शुक्रवार, २ जानेवारी १९९८

घरी एकटा. रोजे सुरू झालेत, दिवसभर गल्ली झोपलेली. डाळ करपली. उस्मानकडून इफ्तारीला थाळी येते, तेच जेवण.

एकटा असल्याचा फायदा घ्यायचा. हॉलच्या चारही भिंतींवर पत्रकं लावायची आणि कायमचं दालन करायचं. एका भिंतीची लावली. मग बसलो. सगळे उमेदवार एकदम माझ्याकडे बघून हसत होते. रात्रीतून काढून टाकली. टेपला उष्णता मानवत नाही.

अक्षताचा फोन. मराठीत बोलली. आजीला आंघोळ घालताना मी पाणी ओतते, असं म्हणाली. पाणी कुठून आणता विचारलं. म्हणाली, तिथूनच.

शुक्रवार, ३० जानेवारी

ईद. टिअर्नी साहेब गेले. एअरपोर्टवर गेलो होतो. अरादजवळ टॅक्सी अडकली, पोचेपर्यंत ते आत गेले होते. काचेतून हात केला. पाठमोरे होते.

महत्त्वाचं: लोकसभेची निवडणूक लागली. फेब्रुवारीअखेर मतदान. आता जायचंच. अंजनाला सांगितलं की मी मतदानाला येतोय. गावात वडीलकीच्या नात्याने उघडपणे रांगेत उभा राहणार, सगळ्यांदेखत शिक्का मारणार. लोक काय बोलतात ते आपोआप बंद होईल. विनयच्या खांद्यावर हात ठेवून शाळेपर्यंत चालत जायचं, असंही ठरवलं आहे.

लीव्ह मंजूर. तिकीट झालं. उस्मानने स्वतः धावपळ केली. इतका खूश त्याला पूर्वी पाहिलेला नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अंजनाचा फोन. मी आईसाठी काय आणू, हे विचारणार होतो. ती म्हणाली, आधी ऐकून घ्या.

गावच्या शाळेतले गुरुजी मतदानाच्या चिठ्ठ्या घेऊन आले होते. आईची, विनयची, ज्योत्स्नाची. माझी नाही. अंजनाने विचारलं, यांची कुठे आहे. गुरुजी गोंधळले. म्हणाले, वहिनी, किसनरावांचं नाव डिसेंबरात कमी झालं. मयत म्हणून.

झालं असं. डिसेंबरात गुरुजी मतदार यादी तपासायला घरोघर फिरत होते. आई नुकतीच जालन्याहून आलेली, पडवीत खाटेवर. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी एकेक नाव वाचलं. माझं नाव आलं. आई म्हणाली, तो आता आमच्यात नाही. गुरुजी नवीन, परगावचे. त्यांनी म्हातारीला पुढे काही विचारलं नाही. खाली वाकून नमस्कार केला आणि नाव कापलं.

मी अंजनाला म्हटलं, म्हणजे कारकुनी चूक. परदेशात आहे, असं आईला म्हणायचं होतं. वाक्यरचनेचा प्रश्न आहे.

अंजना म्हणाली, “मी आईंना विचारलं. त्यांना सगळं नीट सांगितलं, की गुरुजींनी काय लिहिलंय. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, असू दे.”

मग म्हणाली, “मतदानासाठी येणार असाल तर येऊ नका. आईंसाठी येणार असाल तर या. आणि अक्षताचं नाव मी इथल्या शाळेत घातलंय.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

ऑफिस. लीव्ह कॅन्सलचा कागद दिला. उस्मानने विचारलं, का रे. म्हटलं, मतदान होतं, ते राहिलं. नाव नाही यादीत.

त्याने विचारलं, आणि आई?

म्हटलं, आई आहे. झोपून असते.

तो कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, “पाच वाजेपर्यंत हा मी पुढे पाठवत नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. फक्त येऊन उभा राहा, बोलूसुद्धा नको. मी फाडून टाकीन.”

दिवसभर फायलिंग केलं. शटडाऊनचे ड्रॉइंग नंबरप्रमाणे लागले.

कंपनीची बस बरोबर पाचला सुटते. त्याच्याकडे गेलो असतो तर बस चुकली असती.